तहानेचा आकडा

२ मे १९५७

डॉक्टर हो म्हणाले! हो म्हणजे काय — "हेप्झिबाबाई, करा काय करायचंय ते, पण दवाखान्याची वेळ सोडून," असं पुटपुटले आणि पेपरात डोकं घातलं. मला तेवढं पुरे.

शिवाला यंदा मरणाच्या दारात जाऊ देणार नाही. गेल्या मे महिन्यात रोडपालीहून बैलगाडीत घालून आणला होता. डोळे खोल, जीभ खरखरीत, ओळख नाही. सलाईनच्या तीन बाटल्या चढल्या तेव्हा कुठे "आये" म्हणाला. आणि हे सगळं कशासाठी? अलिबागच्या कुस्त्यांत सव्वाशे पौंडांच्या गटात बसायचं म्हणून! वस्तादांनी दोन दिवस पाणी तोडलं होतं, वर भर दुपारी घोंगडी पांघरायला लावून मिठागराच्या बांधावरून पळवलं होतं. यंदा कुस्त्या एकोणीस तारखेला. गट तोच. वस्तादही तेच!

३ मे

तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही. म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलले. बळीराम वस्ताद आत मातीत बसून मिशा कुरवाळत ऐकत होते. म्हटलं, रोज सकाळची पहिली लघवी बाटलीत घालून पाठवा. अंगात पाणी किती उरलंय ते मी सांगते.

"पोरांची मुताची बाटली बाईच्या हातात? शोभतंय का, बाय?"

"वस्ताद, बावीस वर्षं लोकांची लघवी, थुंकी आणि बाकीचं सगळं बघतेय. तुमच्या पैलवानांचं काय सोन्याचं आहे?"

पोरं माना खाली घालून हसली. शिवाचे कान लाल. शेवटी वस्ताद कबूल झाले — सोमवारपासून, तिघांच्या.

६ मे

आल्या बाटल्या! शिवा, दादू, काशिराम. चिठ्ठ्या लावून, नीट.

दूध तपासायला काचेचा मापक बुडवतात तसाच माझा. साध्या पाण्यात १००० वर तरंगतो. लघवी जितकी दाट तितका आकडा वर. १०२० पर्यंत ठीक; १०३० च्या वर गेला की अंग कोरडं पडलं समजायचं. आज तिन्ही बाटल्या रंगाला अगदी फिक्या, भरपूर पाणी प्यायल्यासारख्या. आणि आकडा १०३४. तिन्हींचा! मापक धुतला, पुन्हा बुडवला. १०३४.

७ मे

पुन्हा तेच. मिठागरवाल्यांनी चेष्टेनं मीठ तर नाही घातलं? चाखून बघायचा विचार आला होता. नाही चाखलं!

८ मे

सापडलं! सापडलं!

निळ्या औषधात घालून उकळली. निळ्याची हिरवी, हिरव्याची विटकरी. म्हणजे साखर. तिन्ही बाटल्यांत. तीन तरण्याताठ्या पोरांना एकदम मधुमेह? छट्! तिन्ही बाटल्या एकाच माणसाच्या.

दुपारीच रोडपाली गाठली. शिवाला बाजूला घेतलं. मातीत अंगठा घासत म्हणाला, "वस्ताद भरतान, बाय. म्हनले, पोरांची अब्रू हाय. रंग फिका दिसला म्हंजी झाला."

मग वस्तादांना उंबऱ्यावर बोलावलं. पोरांच्या जिवाशी खेळता म्हणून मी त्यांना फाडून खाणार होते. पण आधी विचारलं, तुम्हाला तहान किती लागते? वस्तादांनी आत पोरांकडे एकदा बघितलं, मग हळूच, "घागर पुरत नाय, बाय. पोरांना सांगतो तहान मारा, न मीच चोरून पितो. वाटला, म्हातारपनी मनावरचा ताबा सुटला."

एवढा दांडगा माणूस, आजाराची लाज बाळगून बसलेला! मला रडू येत होतं. म्हणून आणखीच ओरडले.

९ मे

वस्ताद डॉक्टरांकडे येऊन गेले. गूळ बंद, भात अर्धा. डॉक्टरांनी पेपर खाली ठेवला होता, हे विशेष!

शिवाची खरी बाटली मिळाली. कोऱ्या चहासारखी. १०३५.

१२ मे

आता मिठाच्या काट्यावर पोरांचं वजन, सरावाआधी आणि सरावानंतर. शिवा पावणेदोन तासांत दोन पौंड उतरला. दोन पौंड म्हणजे शेरभर पाणीच गेलं! तेवढं परत पाजायचं. वस्ताद स्वतः तांब्या घेऊन उभे.

भरपूर पाणी प्यायलेला शिवा एकशे एकतीस भरतो. सव्वाशेत बसत नाही. मी म्हटलं, वरच्या गटात उतरवा, एकशे छत्तीसच्या. "पाच पौंडांनी हलका परल," वस्ताद म्हणाले. म्हटलं, पडू दे. गेल्या वर्षी गाडीत घालून नेला, त्यापेक्षा बरं.

आकडा १०२२.

१८ मे

शनिवार, आमचा शब्बाथ. आज लिहू नये. पण १०१४! एवढंच.

२० मे

जिंकला! जिंकला! जिंकला!

वस्तादांनी मलाही एस.टी.त बसवून अलिबागला नेलं होतं. शेवटच्या कुस्तीतला गडी शिवापेक्षा केवढा! पण ओठ पांढरे पडलेले, थुंकी चिकट. मी लांबूनच ओळखलं, हा सुकवून आणलाय. सहा मिनिटं शिवाला रेटला, मग त्या गड्याच्याच पोटरीत गोळा आला. शिवानं कंबर धरली आणि टाकला उताणा! मी बाकावर उभी राहून ओरडले. चष्मा पडला. पडू दे!

वस्तादांनी माझ्यासमोर हात जोडले. मी त्यांना दरडावलं, आधी पेढा खाली ठेवा.

परतलो तेव्हा शिवाची आई भामा मिठागरातून तशीच एस.टी. स्टँडवर आली होती, पायांना मीठ लागलेलं. माझे दोन्ही हात धरून ठेवले नुसते. आजच्याइतकी खुश मी कधी नव्हते!

२३ मे

सकाळी भामा आली. पदराखालून बाटली काढली. "माझी बी बघ ना, बाय. लय जलजलते."

पाणी पीत नाहीस का, विचारलं.

"मिठागरात बाईला बसाया आरोसा कुठं हाय? गडी मानसं समोर. सकाली तोंड ओला करतो, मंग घरा आल्यावरच. सगल्या बाया तशाच."

१०३८. शिवापेक्षा वर.

बावीस वर्षं इथे नर्स आहे मी. एकीलाही कधी विचारलं नाही.