भूषणची घागर

जळगाव,
आषाढ शुद्ध पंचमी

प्रिय भूषण,

तुझा मेसेज मिळाला. रविवारी भडगावची गाडी धरून गावी जाणार, आबांच्या पाया पडणार आणि मग अमेरिकेला निघणार; अक्का, तूही ये. खाली हात जोडल्याची दोन चित्रं. मी उत्तर दिलं नाही म्हणून तू फोन केलास, आणि मी मात्र विमानात लोणचं नेऊ देतात का, एवढंच विचारत राहिले. जे तोंडाने सांगता येत नाही ते लिहावं, असं मी वर्गात पोरांना सांगत असते. आज मास्तरीणबाईंनी स्वतःच गृहपाठ करायला घेतला आहे, तेव्हा मुकाट्याने वाच. तुला पाद्री व्हायला तिकडच्या सेमिनरीत प्रवेश मिळाला याचा मला आनंद आहे, हे आधीच नोंदवून ठेवते. पुढे ते दिसेनासं होईल.

पहिल्या वर्षीचा आपला अर्ज आठवतो? त्यांनी विचारलं होतं, देवाची ही हाक तुम्हाला कशी आली ते तुमच्याच शब्दांत लिहा. तू लिहिलंस ते मला फार उघडंवाघडं वाटलं. ओळीओळीला मी, मी, मी! आपल्यात स्वतःबद्दल असं कोणी बोलतं का? मग आपण दोघांनी बसून ते सुधारलं. आधी गुरुजनांना वंदन, मग मातापित्यांचे उपकार, मग मी अल्पमती, मी अपात्र, मला काहीच येत नाही. मला तर मंगलाचरण फारच साधलंय असं वाटलं होतं. त्या भल्या लोकांनी शब्द न् शब्द खरा मानला. कळवलं की आपण अपात्र आहोत असं आपणच म्हणता, तर आणखी विचार करावा. शिवाय एवढ्या मजकुरात आपण स्वतः आम्हाला कुठे भेटला नाहीत. दुसऱ्या वर्षी तू मला अर्ज दाखवलाही नाहीस. शहाणा झालास.

तुमच्या धुळ्याच्या पास्टरांचंही मला पटलं होतं. शिफारस हवी ना, मग आधी वर्षभर चर्चच्या रविवारच्या शाळेतली पोरं सांभाळ, म्हणाले. तू चिडला होतास. अरे, आपल्याकडे शिष्याला आधी समिधा आणायला आणि गाई राखायला धाडत. तुला तर नाक पुसायला रुमालासकट पोरं मिळाली. आणि मी संस्कृत शिकवणारी, माझ्याच ज्या भावाने शाळेत संस्कृत सोडून चित्रकला घेतली होती, तो आता माझ्या ओट्यावर बसून बायबलच्या ग्रीकची रूपं घोकत होता! विभक्त्या आपल्यापेक्षा कमी आहेत म्हणून केवढा खूश झाला होतास. मला तुझा देव पटला असं मी कधी म्हणणार नाही. पण धुळ्याच्या दवाखान्यात तू खाटेवर पडून होतास, तेव्हा त्या चर्चमधली माणसं आळीपाळीने तुझ्या उशाशी बसली होती, हे मी पाहिलं आहे. आपल्या माणसांची तेव्हा कापूसवेचणी चालू होती.

त्या पहिल्या अर्जात आणखी एक प्रश्न होता: घरच्यांचा पाठिंबा आहे का? तू लिहिलंस, बहीण वाद घालते आणि पाठिंबा देते, आईवडील रडतात. आबांचं रडणं तू कुठे पाहिलंस कोण जाणे. मी तरी पाहिलं नव्हतं. तू बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव टाकलं. शाळेतला फोटो पेटीत गेला. आई तुझ्याशी फोनवर बोलायची ती गोठ्यात जाऊन. म्हशीला तुझी सगळी खबर असायची, आबांना नाही. कोणी विचारलं, पोरगा काय करतो, तर आबा पाऊसपाण्याचं बोलायचे. घरात तू नव्हतासच, आणि नाहीस हेही कोणी बोलत नव्हतं.

यंदा अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मी गेले होते. पन्नाशी उलटली तरी आखाजीला माहेरी जायचं ते जायचंच. सकाळी आबांनी कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. आईला वाटलं, एक आजोबांच्या नावाची, नेहमीप्रमाणे, आणि दुसरी उन्हाळ्याच्या पाण्याची. तिने सांजोऱ्या तळल्या, मी खरबूजं, आपली डांगरं, धुऊन ठेवली. आबांनी दोन्ही घागरी भरल्या, पाटावर शेजारी शेजारी मांडल्या, दोन्हींवर डांगर ठेवलं, सांजोरी ठेवली. तुला माहीतच आहे, वर्षभरात घरातलं माणूस गेलं की त्याची घागर वेगळी भरायची. आई झाऱ्यासकट बाहेर आली. आबा म्हणाले, "ही भूषणनी." आई ओरडलीच, "जित्ता पोऱ्यानी घागर कोन भरस?" आबांनी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं, घास टाकला, आजोबांचं नाव घेतलं, आणि तुझ्या नावाला त्यांचा आवाज फुटेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू संस्कृतवाली आहेस, याचं काही मंतर असेल तर म्हण.

असतं रे. वाळीत टाकलेल्या जिवंत माणसाला मेलेला धरायचा विधी ग्रंथात सविस्तर दिलेला आहे, आणि मला तो पाठ आहे. मी म्हटलं, आबा, याला मंत्र नाही. बापाला आपल्या शिकल्यासवरल्या लेकीचा एवढाच उपयोग झाला. त्यांनी मग न बोलताच तुझा घास निखाऱ्यावर ठेवला. त्याच आठवड्यात तुझी व्हिसाची मुलाखत झाली. परत कशासाठी याल, असं तिथल्या साहेबांनी विचारलं, आणि तू म्हणालास, माझे आईबाप आहेत. फोनवर तू मला हे आनंदाने सांगत होतास, आणि मी हं, हं, करत होते.

दुसऱ्या दिवशी शेजारचे सुपडू नाना रीतीप्रमाणे सांत्वनाला आले. बराच वेळ मान खाली घालून बसले, चहा घेतला, आणि निघताना मला दाराआड बोलावून हळूच म्हणाले, "बाई, मंग आते त्याना फोन उना तर उचलाना का नही?" मी हसले. आईही हसली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

पण भूषण, खरं लिहायचं आहे ते यापुढचं आहे. त्या दिवसापासून आबा बोलायला लागले. फोटो पेटीतून काढला, स्वतः पुसला आणि भिंतीवर लावला. येईल त्याला तुझ्या गोष्टी सांगतात. दप्तर एसटीत राहिलं म्हणून तू गाडीमागे भडगावपर्यंत धावलास, कंडक्टरने शेवटी तुलाच आत घेतलं आणि फुकट फिरवून आणलं, ती गोष्ट तर मी या दोन महिन्यांत किती वेळा ऐकली! "भलता गुनी व्हता मना पोऱ्या," म्हणतात आणि सगळ्यांसमोर रडतात. लोक पाठीवरून हात फिरवतात. जिवंत मुलाबद्दल त्यांना हे करता येत नव्हतं. मेलेल्यावर माया केली तर गावात कोणी नावं ठेवत नाही. आईसुद्धा आता तुझं नाव घरात घेते, चुलीपाशी बसून, मोठ्याने. गोठ्यात जावं लागत नाही.

म्हणून हे पत्र. रविवारी गावी जाऊ नकोस. आबा तुला हाकलतील याची मला भीती नाही. तू दारात उभा राहिलास तर त्यांना पुन्हा रागावावं लागेल, फोटो पुन्हा पेटीत ठेवावा लागेल, आणि एवढ्या मुश्किलीने मिळालेला मुलगा त्यांच्या हातून पुन्हा जाईल. आईला मी विचारलं. ती म्हणाली, येऊ नको देऊ त्याला. शनिवारी ती मला भेटायच्या निमित्ताने जळगावला येते आहे. तू धुळ्याहून इथेच ये, दिवसभर तिच्याजवळ बस. गेल्या आठवड्यात आबांनी अंगणात बसल्या बसल्या मला एकदम विचारलं, "तिकडे थंडी भलती ऱ्हास का?" मी हो म्हटलं. मी निघताना त्यांनी स्वतःची काळी घोंगडी घडी करून माझ्या हातात दिली. भूषणच्या नावाने दान आहे, कोणा गरजूला दे, म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. ती इथे माझ्याकडे आहे. शनिवारी घेऊन जा, आणि बॅगेत जागा नसेल तर माझं लोणचं काढून ठेव.

तू कुठेही असलास तरी तुझा फोन उचलणारी,
तुझीच,
अक्का