डिकीतली स्टेपनी

अक्षत,

पोळ्या डब्यात आहेत, भाजी कढईत. आईला उठवू नको. काल उन्हात बसून तिचे पाय सुजले आहेत.

काल आईला घेऊन येताना तिलवारा घाटाच्या पुढे टायर पंक्चर झाला. डिकी उघडली तर स्टेपनी पार टकली, वर ठिगळं. माझी स्टेपनी नवीकोरी होती, कधी रस्त्याला लागलीच नव्हती. दसऱ्याला गाडीची पूजा करताना मी तिलाही कुंकवाची बोटं लावली, तेव्हा तू हसला होतास, "ताई, झोपलेल्या चाकाची कसली पूजा!" या टायरवर कुंकवाचा कण नाही.

दसऱ्यानंतर गाडी सर्व्हिसिंगला एकदाच गेली, तीही तुझ्या दोस्ताच्या सेंटरवर. आज सकाळीच तिथे जाऊन आले. मॅनेजर म्हणतो, "दीदी, टायर तो घिसता ही है." म्हटलं, डिकीत पडल्या पडल्या काहून घिसेल? तर हळूच म्हणाला, "आप घर में भैया से पूछ लीजिए."

चोर आहेत ते, खोटंही बोलत असतील. पण काल मी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा तू आईचं विचारलं नाहीस. "तक्रार करू नको" एवढंच बोललास. कोणाला वाचवून राहिला तू?

मी ग्राहक आयोगात चालली आहे. तुला यातलं काही माहीत नसेल, तर तिथे ये आणि माझ्या बाजूला उभा राहा. नाही आलास, तर तक्रारीत सेंटरच्या नावाखाली तुझं नाव लिहीन.

ताई