हातमोज्याची शिकवणी

३ फेब्रुवारी
पोचले एकदाची जबलपूरला, आणि रोबॉटिक्सची संशोधकही झाले! सांगलीत मेकॅनिकल घेतलं तेव्हा काका म्हणाले होते, मुलीच्या हाताला कानस शोभत नाही. वर्कशॉपमध्ये माझ्याच हातचं काम सगळ्यांत साफ निघायचं, एम.टेक.सुद्धा या हातांनीच तारलं. महाराजपूरची ही प्रयोगशाळा एका बंगल्यात आहे, माझी खोली वरच्या मजल्यावर. प्रमुख विनतामॅडम इथल्या जुन्या मराठी घराण्यातल्या, फार प्रेमळ. आल्या आल्या म्हणाल्या, थकून आली असशील दुर्वा, चलो, पहिले जेवून घे.

५ फेब्रुवारी
इथली रीतच न्यारी. नव्या माणसानं लगेच कोड लिहायचा नाही. सेन्सरचा हातमोजा घालून चाकांवरच्या यांत्रिक हाताला रोजची कामं दाखवायची. आज चहा गाळून दाखवला, नट आवळून दाखवला. यंत्रानं हुबेहूब केलं, अगदी माझ्यासारखी करंगळी वर धरून. मी हरखूनच गेले. माझ्या आधीचा इंजिनिअर अनुपम अजून इथेच राहतो. मॅडम त्याला घास भरवतात. घरजावयाचा थाट, म्हणून मी मनात हसले.

१० फेब्रुवारी
सकाळी गाळणं हातातून सुटलं. पुन्हा धरलं, पुन्हा सुटलं. बोटांत ताकद आहे, पण कसं धरायचं तेच त्यांना उमगत नाही. नटाचंही तेच. घाबरून मॅडमना सांगितलं. त्यांनी प्रेमानं पाठीवरून हात फिरवला, शीण असेल म्हणाल्या आणि मला यंत्राला वेणी घालायला शिकवायला बसवलं.

१३ फेब्रुवारी
वेणी गेली. कुर्त्याची बटणं गेली. अनुपमला विचारलं. त्याचे हात मांडीवर नुसते पडलेले. म्हणाला, मी जेवण शिकवलं होतं, दीदी. तुम्ही काहून शिकवून राहिल्या?
मला रडू कोसळलं. मॅडमना जाब विचारला, तर हसल्या. दिलेली विद्या परत मागू नये म्हणे. आणि भरवायला मी आहे ना!

१४ फेब्रुवारी
पळायचं. आत्ताच. पण दाराची मूठ फिरवता येत नाही — ती परवा शिकवली. कोपरानं पाहिलं, दातांनी पाहिलं — निसटते. आईला फोन — तोही शिकवून बसले. मूर्ख मी, मूर्ख —

मूठ बाहेरून फिरते आहे. दार उघडलं — यंत्राचा हात, माझ्यासारखीच करंगळी वर धरून.

यंत्रानं मनगट धरलं. मॅडमनी मोजा चढवला. लाडानं म्हणाल्या, आता फक्त लिहिणं राहिलं बेटा. आईला चार ओळी लिही, मी स्वतः पोचवते.

लिहू नये. कळतं. पण दुसरं काही उरलंच नाही —

आई, मला न्यायला ये. महाराजपूरला पिवळ्या बंगल्यात आहे. लवकर ये, माझे हा