कोऱ्या वाफ्यांचे भात

मु. कोंडाणे, ता. कर्जत
दि. १ डिसेंबर १९४६

चि. वाल्मिक यास आबाजीमामाचे आशीर्वाद. तुझे डोळे कसे आहेत? कंदिलाशी नाक लावून वाचतोस, असे ताई सांगत होती. इकडे तुझ्या मामीचा गुडघा थंडीने धरला आहे. माझी प्रकृती नेहमीप्रमाणे उत्तम.

तुझे पत्र परवा पोचले. मी ते तीनदा वाचले (एकदा राग आला म्हणून, दुसऱ्यांदा राग वाजवी आहे की नाही ते पाहायला, आणि तिसऱ्यांदा मामी म्हणाली मोठ्याने वाचा म्हणून). तू लिहितोस की आपल्या शेतातल्या बारा वाफ्यांपैकी सहांना तू शेंगदाण्याची पेंड घातलीस आणि सहा मुद्दाम कोरे ठेवलेस, तर कोऱ्यांचेच भात जास्त भरले. सरांनी भर वर्गात विचारले की काही न घालता असे पिकते तर आपण सगळे इथे बसलो आहोत कशाला, मुले हसली, आणि येत्या पंधरा तारखेपर्यंत याचे कारण दिले नाहीस तर तुझे वर्ष जाणार. इथवर मला तुझे वाईटच वाटले. पण पुढे विचारतोस, मामा, मोजताना काही चुकले तर नाही ना?

बाबा रे, मी मराठी चौथीनंतर शाळा पाहिली नाही. बाकीचे सगळे मासिके मागवून, वाचून शिकलो. पण मोजणे मला कोणी शिकवायला नको. प्रत्येक वाफ्यात तीन चुडांना, म्हणजे रोपांच्या जुडग्यांना, लाल दोरा बांधून दर शनिवारी सकाळी आठाला मी उंची घेतली. धो धो पावसात मामी छत्री धरून उभी असे (तिचा गुडघा त्यामुळेच धरला असे तिचे म्हणणे आहे, त्याला पुरावा नाही). तू दिलेल्या फूटपट्टीच्या टोकाला शून्याआधी एक अष्टमांश इंच लाकूड कोरे आहे, हे तुझ्या शेतकी कॉलेजात कोणाच्या लक्षात आले होते काय? मी ते दर वेळी हिशेबात धरले. कापणीनंतर बाराही वाफ्यांचे भात वेगवेगळे झोडून, वाळवून, तोलून लिहिले. शेजारच्या धाकलूची म्हैस एकदा सात नंबरच्या वाफ्यात शिरली, तेव्हा तिने खाल्लेले दीड चूडसुद्धा तक्त्यात आहे.

धाकलूचे नाव निघाले म्हणून सांगतो. कोरे वाफे तू नेमके बाजाराच्या वाटेला लागून आखलेस. ऑगस्टात ते पिवळे पडले. जाणारा-येणारा थांबून पाही. दहा तारखेच्या शनिवारी मी पट्टी घेऊन वाकलेला असताना हा धाकलू चार माणसांदेखत म्हणाला, “आबाजीशेट, भाताला कावीळ झाली का काय? भाचा शिकतोय आन् भात उपाशी हाय.” मी त्याला शास्त्र समजावले. तो म्हणाला, “आसंल, आसंल,” आणि निघून गेला. एकतीस वर्षे मी शेत करतो. माझे भात पिवळे कोणी पाहिले नव्हते.

तरी मोजणीत चूक नाही. तिथली जमीनच मुळात कसदार असावी, असे सरांना सांगून पाहा. पंधरा तारखेसाठी शुभेच्छा. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा
आबाजीमामा

ता. क. जमीन कसदार नाही. मंगळवार, १३ ऑगस्ट रोजी गाव बाजाराला गेले असताना मी सहाही कोऱ्या वाफ्यांना प्रत्येकी दोन पाट्या मुरलेले शेणखत घातले. पाटी साडेअकरा शेरांची, तागडीवर तोललेली (नऊ नंबरात अर्धा शेर कमी, पाटीला भोक होते). हे पंधरा तारखेला सगळ्यांसमोर वाच, म्हणजे सरांना कारण मिळेल. खत घालणाराचे नाव मात्र लिहू नकोस, ‘एका अडाणी शेतकऱ्याने’ एवढेच लिही. उंचीच्या तक्त्यावर माझे पूर्ण नाव असू दे. पुढल्या सालीही प्रयोग इथेच कर, फक्त कोरे वाफे वाटेला लागून नकोत, मागच्या बांधाकडे आख.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावण्यापूर्वी हे पत्र मामीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “तुमी घातलंत? मला वाटलं माझ्या राखेनंच सुधारलं.” दोन महिने चुलीची राख आणि मासळी धुतलेले पाणी ती रोज सकाळी त्याच सहा वाफ्यांना टाकत होती, पिवळे पाहवेना म्हणून. वजन विचारले तर म्हणते, “हाताला येईल तेवढी.” हे तक्त्यात कोणत्या रकान्यात मांडायचे, ते उलट टपाली कळव.