राणी म्हणे!

सोमवार

पोचले एकदाची! या साथीत घराबाहेर पडायला मिळालं हेच केवढं. कामगारांची राहणी आणि कामाची परिस्थिती पाहायची, आठवडाभर प्रश्न विचारायचे, अहवाल लिहायचा आणि परत. ताई निघताना रडत होती, जशी काही मी रणांगणावर चालले होते.

हा मास्क आणि डॉक्टरांचे गाऊन शिवणारा कारखाना. त्याच्या कुंपणातच कामगारांच्या खोल्यांच्या दोन ओळी. मला ऑफिसला लागून खोली दिलीय. मधे नुसतं प्लायवूड. पलीकडे कुणी पेन खाली ठेवलं तरी ऐकू येतं. पण खिडकीत ऊन आहे आणि बादलीभर गरम पाणी न मागता मिळालं. सुपरवायझरबाई गोड बोलतात. मागच्या इमारतीकडे मात्र जाऊ नका म्हणाल्या, तिथं आजारी माणसं वेगळी ठेवलीत.

मंगळवार

पहिली ओळ केली. प्रत्येक दार वीतभर उघडतं, मास्क लावलेली बाई उभी असते, अंतर ठेवा म्हणते. पगार वेळेवर, पाणी भरपूर, तक्रार नाही. इतकी सुखी माणसं मी या कामात अजून पाहिली नव्हती. सुपरवायझरबाई माझ्या मागेच उभ्या असतात.

दुसऱ्या दारातल्या बाईच्या मनगटावर इस्त्रीचा भाजल्याचा डाग होता, होडीसारखा. मुलं झोपलीत म्हणाली. शेवटच्या दारातल्या म्हातारीच्या मनगटावरही तसाच. म्हातारी खूप वाकून उभी होती, पण हात तरुण वाटला. आता इस्त्रीपाशी काम करणाऱ्यांचे हात भाजणारच. उगाच पाल चुकचुकली मनात.

बुधवार

दुसरी ओळ, अर्धीच झाली. पुन्हा होडी. या वेळी नवरा गेलेली, एकटी राहणारी. मी मुद्दाम तिच्या डोळ्यांत पाहिलं. तिनं नजर खाली वळवली.

दारांबाहेर चपला नीट मांडलेल्या आहेत, लहान मुलांच्याही. एका जोडावर कोळिष्टक होतं. अख्ख्या वसाहतीत एक मूल रडलं नाही की कुणाच्या कुकरची शिट्टी झाली नाही.

मागच्या इमारतीत माणसं आजारी आहेत ना? मग तिथून शिलाई मशीनचा आवाज का येतो?

गुरुवार

आज सुपरवायझरबाई जेवायला गेल्यावर एकटीच बाहेर पडले. एका खोलीचं दार ढकललं. उशांवर धूळ, स्टोव्ह थंडगार. शेजारची तशीच. त्याच्या शेजारचीही. खोल्यांच्या मागे ती होडीच्या डागाची बाई ओढणी बदलत होती. सुती काढून काळी गुंडाळत होती. पुढच्या दारासाठी.

मला पाहून तिनं सुती ओढणी पाठीमागे लपवली. घरोघरची माणसं कुठं आहेत विचारलं, तर तिनं मागच्या इमारतीकडे मान वळवली. म्हणाली, साथ आली तेव्हा सगळ्यांना तिकडे नेलं, कुलूप लावलं. तापातही शिवायला बसवतात. तिचा नवरा तिथं आहे, लेक तिथं आहे.

"लिहा ना सगळं छान आहे म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर मलाही आत घालतील हो. तिथून कुणी चालत बाहेर आलेलं नाही."

मी इमारतीपर्यंत गेले. खिडक्यांना बाहेरून फळ्या ठोकल्यात. फटीला कान लावला. मशीन, खोकला, मशीन. मग आतून कुणीतरी त्याच फटीतून बोटं बाहेर काढून माझी ओढणी धरली. बोटांत ताकद नव्हती, पण सोडेनात.

वळले तर सुपरवायझरबाई उभ्या. रागावल्या नाहीत. खिशातून तापमापक काढला, माझ्या कपाळासमोर धरला आणि हळहळल्या. म्हणाल्या, ताप आहे तुम्हाला.

शुक्रवार

दाराला बाहेरून कडी. फोन निर्जंतुक करायला नेला, अजून आणला नाही. बॅगही नेली. ही वही गादीखाली होती म्हणून वाचली.

कपाळ गार आहे. दर थोड्या वेळानं हात लावून बघते. गारच आहे. मग घसा का दुखतोय? ओरडून असेल.

ती होडीवाली जेवण घेऊन आली. बराच वेळ बसली. घरी कोण असतं, ताई मोठी की धाकटी, ताईला काय म्हणता. मलाही कुणाशी तरी बोलायचं होतं. बोलत सुटले.

शनिवार

पुन्हा आली. आज ती मी बोलते तशी "अगंबाई" म्हणाली. शब्द ओढून, माझ्यासारखा.

हिला कशाला हवंय हे सगळं? आज काही सांगितलं नाही. पण काल केवढं सांगून बसले—

म्हणाली, माफ करा. लेकीला बाहेर काढू म्हणालेत.

रविवार

माझा फोन वाजला. भिंतीपलीकडे. ताईच, दर रविवारी करते—

कुणीतरी उचलला. माझ्या आवाजात बोलतेय. अगं घसा बसलाय, मास्क आहे ना तोंडावर—

फोन स्पीकरवर आहे. ताईला संशय आलाय. शाब्बास ताई. विचारतेय, लहानपणी मी तुला काय म्हणायचे सांग.

हे मी होडीवालीला सांगितलेलं नाही. हे नाही सांगितलं!

दार उघडलं. दोघी. सुपरवायझरबाईंचा तळवा फोनवर. होडीवालीच्या डोळ्यांत पाणी. काय म्हणायची ताई? बोला लवकर.

मी म्हटलं, राणी.

गेल्या. पुन्हा कडी. ताईनं मला जन्मात राणी म्हटलं नाही. ढब्बू म्हणायची. आता कळेल तिला. आता नक्की—

हसतेय.

ताई हसतेय. राणी म्हणे! चेष्टा सुचतेय म्हणजे बरी आहेस, ढब्बू. उगाच जिवाला घोर लावून घेतला मी. काळजी घे—

ओरडले. भिंतीवर डोकं आपटलं. त्यांनी पलीकडे शिलाई मशीन सुरू केलं, सगळीकडे मशीन—

फोन ठेवला ताईनं. ढब्बू पण कळलं आता यांना.

कडी काढतायत. बाहेरूनच विचारतायत, शिवणकाम येतं का. नाही म्हटलं, नाही येत, कधीच नाही—

म्हणाल्या, शिक—