घरचं मत

अल मजाज, शारजा
नोव्हेंबर २०१०

प्रिय अम्मी,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना नबिलाचा सलाम. मी बरी आहे, नोकरीही आहे. शेजारची दोन टेबलं रिकामी झाली, त्यामुळे एसीची हवा आता छान लागते. तुझा गुडघा कसा आहे?

आमच्या अमेरिकन मॅडम परवा उदास होत्या. त्यांच्याकडे मध्यावधी निवडणुकीत सत्तेतला पक्ष आपटला. मी विचारलं, "दोनच वर्षांत लोक उलटले कसे?" त्या म्हणाल्या, "मंदी कोणी आणली ते कोण बघतं? खुर्चीत जो दिसतो त्याच्यावर राग निघतो. खूश असलेले घरी बसतात आणि चिडलेले रांगेत उभे राहतात."

मला धडकीच भरली. तू सरपंच झाल्यावर मोहल्ल्यात नळ आला, पण नळाला पाणी येतं म्हणून मत द्यायला कोण धावतं? आखातातल्या नोकऱ्या गेलेली मुलं नाक्यावर बसून तुलाच बोल लावतात. पंचायतीच्या पोटनिवडणुकीत तुझ्या गटाच्या दोन्ही जागा गेल्या तर तुझ्यावर अविश्वास ठराव येईल, हे तू माझ्यापासून लपवलंस. जैनबखालाने सांगितलं.

त्या मुलांत आपला फरदीनभाईपण बसतो ना? दुबईहून परतल्यापासून तो तुझ्याशी धड बोलत नाही. फोनवर तू हसून म्हणालीस, "घरचं मत कुठे जातंय?" मला हसू आलं नाही.

प्रचाराला तू घरोघर फिरतेस, अम्मी. एक दिवस लवकर घरी ये आणि त्याच्यासोबत जेवायला बस. मताचा विषय काढू नकोस. तो बोलेल ते ऐक.

तुझ्यासाठी दुआ करणारी,
नबिला