चाळीसचा फोम, दोन इंच लेटेक्स

३ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा! सकाळी बाहेरच्या खोलीत आलो तर सासूबाई खुर्चीत. अंगावर शाल, पाय स्टुलावर, चष्मा नाकावर तसाच. पंधरवड्यातली चौथी वेळ. म्हटलं, "आई, इथेच झोपलात?" तर म्हणे, "झोपले कुठे, लवकर जाग आली." साफ खोटं. खाटेवरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

मार्चमध्ये पडल्या, खुबा मोडला. हाड जुळलं तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते — गादी बदला. फार मऊ नको, दगडही नको. मी मान डोलावली आणि विसरलो. आज त्यांच्या गादीवरून हात फिरवून पाहिला. कापसाच्या नुसत्या गुठळ्या. बटाट्याच्या पोत्यावर बाई झोपते आणि एका शब्दाने बोलत नाही!

गादी घ्यायची. ठरलं.

४ नोव्हेंबर

विषय काढला. "कशाला? दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न. वरची खोली होतच आलीय, फरशी तेवढी राहिली. झाली की मी निघाले."

वरची खोली म्हणजे मेहुण्याची. खुबा मोडला तेव्हा तो न्यायला आला होता. आईसाठी वर खोली बांधतो, पूर्ण झाली की नेतो म्हणाला. इथून एका दिवसाचा प्रवास. दर रविवारी तो त्यांना फोन करतो. मी आणि तो वर्षातून दोनदा बोलतो, तेही हवापाण्याचं.

मी म्हणालो, दोन महिने तरी नीट झोपा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी दुकान बंद ठेवून गाद्यांच्या शोरूममध्ये. टाय लावलेला माणूस. पहिलाच प्रश्न — "डबल की सिंगल?" सिंगल, म्हणालो. ही जाऊन दोन वर्षं होतील. आजारपणात तिनेच आईला मदतीला बोलावलं होतं. ती गेली, आई राहिल्या. राहा असं मी म्हटलं नाही, जाते असं त्या म्हणाल्या नाहीत. दोन वर्षं हे असंच चाललंय.

टायवाल्याची गादी 'ऑर्थो'. विचारलं, आत काय आहे? "सर, ते कंपनी सांगत नाही." उघडून बघता येईल? "सर, ती शिवलेली असते." मग मी काय, टाय बघून घेऊ? किंमत ऐकली आणि नमस्कार करून बाहेर पडलो.

९ नोव्हेंबर, रविवार

गल्लीतला फोमवाला. ठोकळे कापून देतो. म्हटलं, चाळीस घनतेचा दाखव. "हा घ्या, एक नंबर चाळीस!" दहा सेंटिमीटरचा घन कापून मागितला आणि खिशातला छोटा काटा काढला. वीस वर्षं लोकांचे वजनकाटे दुरुस्त करतोय, मला कोण गंडवणार? चाळीसचा असेल तर तुकडा चाळीस ग्रॅम भरायला हवा. भरला अठ्ठावीस! फोमवाल्याने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काटा खराब असेल." त्याला म्हटलं, बाबा रे, काटा सोडून काहीही बोल!

१० नोव्हेंबर

सासूबाई पुन्हा खुर्चीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेवटी एक बरी बाई भेटली. सोफे शिवते, फोमही कापते. काटा पाहून रागावली नाही. उलट म्हणाली, आधी करा वजन, मग बोलू. एकेचाळीस भरला.

तिने नीट समजावलं. घनता म्हणजे टिकणं; कडकपणा वेगळा. कडक फोमही हलका निघू शकतो. लोक नुसतं दाबून बघतात आणि फसतात. अख्खं लेटेक्स, म्हणजे रबराच्या चिकाचा फोम, मला परवडणार नाही, आणि गरजही नाही. भार झेलायचं काम खालच्या थराचं — चार इंच, चाळीसचा, जरा कडक. अंगाला लागायचं काम वरच्याचं — दोन इंच लेटेक्स. दोन्ही चिकटवायचे नाहीत. वरून चेनचं सुती कव्हर. एखादा थर बसला तर तेवढाच बदलायचा. ही अक्कल टायवाल्याला का नाही?

मग तिने विचारलं, "किती वर्षं टिकायला हवी? थोड्याच दिवसांसाठी असेल तर वर लेटेक्स नको. साधा फोम टाकते, निम्म्यात होईल."

मी म्हणालो, दहा.

तोंडातून निघूनच गेलं! दोन महिन्यांच्या पाहुणीला दहा वर्षांची गादी.

तीन तुकडे घरी आणून सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी बेकरीत तीस वर्षं काढलीत. अंगठ्याने दाबायचं, सोडायचं, बघायचं. अठ्ठावीसचा — "हा शिळा." चाळीसचा — "हा कालचा. चालेल." लेटेक्स — "अरे वा! हा आत्ता भट्टीतून आलाय." काटा न लावता! मी तोंडात बोट घालायचाच राहिलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

त्यांना रिक्षाने सोफेवालीकडे नेलं. तिने थर एकावर एक मांडले, म्हणाली, कुशीवर झोपा, दहा मिनिटं हलू नका. "भर दुकानात? लोक काय म्हणतील!" पण चपला काढल्या, खुबा सांभाळत आडव्या झाल्या. पाचव्या मिनिटाला घोरायला लागल्या. सोफेवालीने मशीन बंद केलं. आम्ही दोघं कुजबुजत बोलत होतो, एक गिऱ्हाईक आलं तेही कुजबुजायला लागलं.

अर्ध्या तासाने उठल्या, पदर सावरत म्हणाल्या, "जरा डोळा लागला वाटतं." एवढ्यात सोफेवाली बोलून गेली — "घ्या आजी, बिनघोर घ्या. यांनी दहा वर्षांची सांगितलीय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "दहा? मी एकाहत्तरची आहे."

रिक्षात त्या बाहेर बघत बसल्या. मी मीटर बघत. तेव्हाच बोलायला हवं होतं — आई, जाऊ नका. चार शब्दसुद्धा नाहीत! पण जावयाने सासूला कुठल्या हक्काने थांबवायचं? तिचा मुलगा आहे, घर आहे. आणि यांना वाटायचं, फुकटची स्वयंपाकीण हवीय.

घराशी उतरताना त्याच म्हणाल्या, "मी गेल्यावर तुम्हाला होईल ती गादी."

मी म्हणालो, हो.

हो! बैल आहे मी, बैल.

१७ नोव्हेंबर

आगाऊ रक्कम देऊन आलो. दहाचीच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गादी आली. फोमची पाठ सरळ, लेटेक्सच्या कडा नीट, कव्हरची चेन अडकत नाही. मापं घेतली, बरोबर. रबराचा वास येतोय. सोफेवाली म्हणालीच होती, आठवडाभर राहील.

सासूबाईंनी खाटेभोवती एक फेरी मारली. "फार उंच झाली. चढायला शिडी आणा." मग बसल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

घात होता होता टळला! मी भाजी घेऊन येतो तो काय — वास जावा म्हणून लेटेक्स गच्चीत, कडक उन्हात! शेजारणीच्या मुलीला हाताशी धरून वर नेलेलं. धावत जाऊन आणलं. म्हटलं, आई, याला ऊन चालत नाही, भुगा होतो याचा.

"तीस वर्षं भट्टीपुढे उभी राहिले मी. आणि या बाईसाहेबांना ऊन सोसत नाही?"

हसू आवरेना. त्यांनाही. ही गेल्यापासून या घरात दोघं एकदम हसल्याचं मला तरी आठवत नाही.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन होता त्यांना. ठेवल्यावर सांगितलं — फरशी झाली, आता रंग राहिलाय.

२६ नोव्हेंबर

सात वाजले तरी उठल्या नाहीत. मी घाबरून दाराशी जाऊन उभा राहिलो. श्वास चालू! चहा मीच केला. पाणचट झाला. प्यायल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

"खांदा रुततो" म्हणाल्या. चेन उघडून लेटेक्स उलटं-सुलटं केलं, डोक्याकडचं पायाकडे. आता नाही रुतत. चेनचं कव्हर घेतलं ते शहाणपणाचं.

मी विचारलं, "रंगाचं कुठवर आलं?" नजर वर न करता — "एक हात झाला. दुसरा व्हायचाय. मग दारं."

म्हणजे डिसेंबर. ठीक आहे. गादी त्यांच्यासोबतच पाठवायची. दुसऱ्याच्या घरी पुन्हा गुठळ्यांवर झोपायला नकोत. रविवारी मेहुण्याला विचारतो, जिन्यातून वर जाईल का.

३० नोव्हेंबर, रविवार

मेहुण्याला फोन केला. म्हटलं, वरच्या जिन्याची रुंदी सांगा, आईंची गादी पाठवायचीय. त्याला काही कळेना. "वर कुठे? खोली जुलैतच झाली. आई म्हणाली, मी येत नाही, भाडेकरू ठेव. ऑगस्टपासून लोक राहताहेत तिथे. तुम्हाला बोलली नाही?"

म्हणालो, बोलल्या असतील, माझ्याच लक्षात नाही.

फोन ठेवला. स्वयंपाकघरातून आवाज — "कोण, तोच होता ना? काय म्हणतो, झालं का काम?"

मी म्हणालो, "नाही हो आई. अजून बराच वेळ लागेल म्हणाला."

भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"वाटलंच मला," म्हणाल्या.